मालनअक्काने बदललेला शेवट

सकाळी रफिकभाईंचा फोन आला तेव्हा मी चहाचं आधण ठेवत होतो. रफिकभाई आमच्या कोल्हापुरातल्या एका जुन्या टॉकीजचे मॅनेजर, माझी त्यांची पंचवीस वर्षांची ओळख. "मास्तर, अक्का गेली," ते म्हणाले. मी विचारलं, "कुठं गेली?" कारण मालनअक्का सदोदित कुठंतरी गेलेलीच असायची. आज पन्हाळ्याला शूटिंग, उद्या इचलकरंजीत कुण्या पोराच्या आईला भेटायला, परवा आणखी कुठं. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत राहिला... आणि मग मला कळलं. गॅस बंद करून मी तसाच खुर्चीत बसलो. या गोष्टीला आता सहा आठवडे होतील.

अक्काच्या गावी, हुपरीला पोचलो तेव्हा घरापुढं माणसं जमली होती. तिच्या गल्लीत एरवी प्रत्येक घरातून पैंजणांच्या कड्या ठोकल्याचा बारीक आवाज येतो, त्या दिवशी सगळे कारखाने बंद होते. अक्काचे यजमान रावसाहेब, चांदीकाम करणारे, अबोल गृहस्थ, ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. त्यांची एकुलती एक मुलगी गौरी, बावीस वर्षांची, मागच्या खोलीत कानांवर हेडफोन लावून पुढं-मागं डुलत होती. गौरी बोलत नाही. ती स्वमग्न आहे, ज्याला आपण ऑटिझम म्हणतो ते. कुणी पाहुणी पदर तोंडाशी धरून म्हणाली, "या लेकराला काय कळणार, आई गेली म्हणून..." त्यावर रावसाहेबांनी मान वर केली आणि म्हणाले, "सगळ्यात आधी तिलाच कळलं. अक्का चुलीपाशी पडली, तवा मी कारखान्यात हुतो. माझ्या हाताला धरून मला घरात तीच घिऊन आली."

मालनअक्काची आणि माझी ओळख सिनेमामुळं झाली. मी हायस्कुलात मराठी शिकवायचो आणि सुट्टीत सिनेमांचे संवाद लिहायचो. ती कपडेपट सांभाळायची. कोल्हापूरच्या आसपास कुठंही शूटिंग असलं की पत्र्याच्या दोन ट्रंका, इस्त्री आणि सुया-टाचण्यांचा डबा घेऊन अक्का हजर. हीरोच्या शर्टाचं बटण तुटलेलं तिला पन्नास पावलांवरून दिसायचं. कोल्हापुरी बायकांसारखी ती स्वतःबद्दल 'मी येतो, मी बघतो' असंच बोलायची, आणि आवाज असा की तिला कधी माइक लागला नाही. स्वभावानं तापट. एकदा माझ्याशी भांडून चार महिने बोलली नव्हती. कारण एवढंच, की मी तिच्या ट्रंकेवर चहाचा कप ठेवला होता.

अकरा वर्षांपूर्वी पुण्याहून समीर नावाचा एक तरुण दिग्दर्शक आला. त्याला एका स्वमग्न मुलीवर सिनेमा करायचा होता. कथा त्याची, पटकथा-संवाद माझे. खरं सांगायचं तर तोवर मी असं मूल जवळून पाहिलंच नव्हतं. पाहिली होती ती पडद्यावरची. पडद्यावर अशी मुलं तीन प्रकारची असतात. एक, ज्याला पाच आकडी गुणाकार तोंडी येतात, किंवा जे एकदा ऐकलेलं गाणं जसंच्या तसं पेटीवर वाजवतं. दुसरं, जे देवदूतासारखं गोड हसतं आणि आईबापांचा मोडत आलेला संसार सांधून देतं. आणि तिसरं, जे सबंध सिनेमाभर मुकं राहतं आणि शेवटी, पार्श्वसंगीत चढत असताना, एक शब्द उच्चारतं. मी तिसरं निवडलं होतं. आमच्या सिनेमातली सहा वर्षांची चिमी गावच्या जत्रेत हरवते, अख्खा गाव तिला शोधतो, आणि आई सापडल्यावर ती आयुष्यात पहिल्यांदा म्हणते, "आई!" तो प्रसंग लिहिताना माझेच डोळे भरून आले होते, म्हणजे तो चांगला असणार अशी माझी खात्री होती.

शूटिंग कोडोलीला होतं. शाळेच्या व्हरांड्यात शेवटच्या प्रसंगाची तालीम चालली होती. चिमीचं काम करणारी ओवी नावाची चुणचुणीत मुलगी मधे उभी, अक्का खाली बसून तिच्या फ्रॉकची खालची पट्टी टाचत होती. ओवीनं अगदी कळवळून "आई" म्हटलं. सगळ्यांनी वाहवा केली. अक्कानं तोंडात धरलेल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि विचारलं, "हे कुणी लिवलंय?"

वर्गातल्या पोरासारखा मी हात वर केला.

"मास्तर, तुमच्या घरात असं पोर हाय?"

"नाही."

"शेजारीपाजारी?"

"नाही."

"मग कुणाला बघून लिवलासा?"

खोटं बोलणं जमलं नाही. म्हणालो, "सिनेमे बघून."

अक्का उठून उभी राहिली. "मग ऐका. उद्या ह्यो सिनेमा लागणार. माझी सासू बघणार, नणंदा बघणार, गल्ली बघणार. आन् घरी येऊन मला म्हणणार, बघ, त्या पोरीच्या आईनं जिवाचं रान केलं म्हणून ती बोलली. तूच कुठंतरी कमी पडलीस. तुमचा सिनेमा तीन तासांत संपणार मास्तर, मला ते जलमभर ऐकायचं हाय."

समीर मनानं वाईट नव्हता, पण दिवसाचं काम मागं पडत होतं. तो चिडून म्हणाला, "अक्का, तुम्ही कपडे बघा. सिनेमा मी बघतो." निर्मात्याचा माणूस बाजूलाच उभा होता. अक्काचं काम तिथल्या तिथं गेलं असतं, आणि त्या कामावरच गौरीच्या थेरपीसाठी कोल्हापूरला जाणं-येणं चालायचं, हे मला नंतर कळलं. पण ती हटली नाही. म्हणाली, "मी कपडं बघतोच की. पर तुमी ज्या पोरीचा सिनेमा काढालाय, ती त्या कपड्याच्या गाडीत बसलीय. चार दिस झालं. एकानं तरी आत डोकावून बघितलंय काय?"

कुणीच बघितलं नव्हतं. मीही नाही. अक्का आपल्या मुलीला सोबत आणते एवढं ऐकून माहीत होतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी त्या गाडीत गेलो. टांगलेल्या साड्यांच्या मधे अकरा वर्षांची गौरी बसली होती, एका नऊवारीचा काठ बोटांवरून सरकवत. गळ्यात किल्ल्यांसारखा चित्रांचा जुडगा. पाणी, बस, खाऊ अशा रोजच्या गोष्टींचे चौकोनी कापलेले फोटो, वर प्लॅस्टिक, सगळे एका चांदीच्या कडीत ओवलेले. ती कडी रावसाहेबांनी घडवली होती. मी नाव विचारलं, काय करतेस विचारलं. तिनं माझ्याकडं बघितलंही नाही. दहा मिनिटांनी मी उठणार तेवढ्यात तिनं माझं मनगट धरलं, माझा हात उचलला आणि खिडकीच्या अडकलेल्या काचेवर नेऊन ठेवला. मी काच सरकवली. वारा आत आला. ती परत काठाकडं वळली.

बाहेर येऊन मी अक्काला म्हणालो, "तिनं माझा हात पक्कडीसारखा वापरला." मला थोडं वाईटच वाटलं होतं. अक्का हसायला लागली. "सकाळधरनं बारा माणसं त्या गाडीत चढली-उतरली. काच उघडायला तिनं तुमास्नी निवडलं. मान हाय मास्तर तुमचा!"

मग ट्रंकेवर शेजारी बसवून घेऊन तिनं मला एक गोष्ट सांगितली. आदल्या वर्षीची. कोल्हापूरच्या स्टँडवर हुपरीची बस लागली म्हणून अक्का पिशव्या उचलायला वळली आणि तेवढ्यात गौरी नाहीशी झाली. दीड तास अक्का वेड्यासारखी फिरली. पोलीस चौकी, बायकांची मुतारी, रिक्षा स्टॉप, सगळं पालथं घातलं. शेवटी स्टँडबाहेरच्या भेळेच्या गाड्यापाशी गौरी दिसली. कागदात भेळ घेऊन शांतपणे खात उभी. गाडेवाला अक्कावरच ओरडला, "बाई, ही तुमची काय? ह्ये भेळंचं चित्र माझ्या तोंडापुढं धरती आन् भेळ मागती. तिसरी भेळ हाय ही!"

"मास्तर, मी रडायच्या तयारीनंच गेलतो," अक्का म्हणाली. "पर ते चित्र बघितलं आन् मला हसूच फुटलं. तोवर ती चित्र दावायची ते फकस्त मला, नायतर तिच्या बापाला. त्या दिशी तिनं अनोळखी माणसाकडं मागितलं! आन् त्या माणसाला कळलं! घरी जाऊन मी गल्लीत पेढं वाटलं. लोकं म्हणाली, पोरगी सापडली म्हणून वाटालीय. सापडली ते ठीकच की. मी पोरगी बोलली म्हणून वाटलं."

मी विचारलं, "अक्का, पण तिनं खरंच तोंडानं 'आई' म्हणावं असं तुला वाटत नाही?" ती म्हणाली, "वाटत न्हाय कसं? नवस केलं, दर्ग्यात चादर चढवली, कोण म्हणंल त्या वैद्याकडं गेलतो. बोलली तर नको हाय व्हय मला? पर न्हाय बोलली म्हणून माझी पोरगी अर्धी न्हाय. सात-आठ वर्सं मी तिच्या तोंडाकडंच बघत बसलो मास्तर. ती हातानं सांगत हुती, ते दिसलंच न्हाय मला." हे सांगताना तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आलेला मी ऐकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेवट नव्यानं लिहिला, तिच्याच ट्रंकेवर बसून. चिमी जत्रेत हरवते, गाव शोधतो, आई ऊर फुटेस्तोवर धावते, आणि चिमी सापडते ती भेळेच्या गाड्यापाशी, चित्र दाखवून मागितलेली भेळ खात. समीरनं ती पानं दोनदा वाचली. मग तो कपड्याच्या गाडीत जाऊन बसला. अर्ध्या तासानं बाहेर आला आणि म्हणाला, "हेच करायचं." निर्मात्याच्या माणसानं कपाळावर हात मारला. "साहेब, अहो शेवटाला पब्लिक रडायला नको का?" अक्का मागून म्हणाली, "कायम रडायलाच पायजे व्हय? आमच्याकडं बघून एकदा हसू दे की लोकास्नी. आमच्यावर न्हाय, आमच्यासंगं."

तो प्रसंग घेतला त्या दिवसाइतका आनंदी दिवस मी सिनेमाच्या धंद्यात दुसरा पाहिला नाही. आईचं काम करणाऱ्या नटीनं अक्काला विचारलं होतं, "तुम्ही नेमकं काय केलंत त्या वेळी?" अक्का म्हणाली, "गुडघं टेकून खाली बसलो आन् पोट धरून हसलो." नटीनं तसंच केलं. आधी तिचा चेहरा रडवेला झाला, मग ओठ थरथरले, आणि मग जे हसू आलं ते आवरेचना. जत्रेतली गर्दी म्हणून उभे केलेले कोडोलीचे लोक हसायला लागले, कॅमेरामन हसायला लागला, समीर कट म्हणायचा विसरला. भेळवाला खराखुरा होता, गावातलाच. शॉट संपतोय तोच गौरी गाडीतून उतरली, एवढ्या गर्दीतून वाट काढत सरळ गाड्यापाशी गेली आणि आपलं चित्र त्याच्या नाकासमोर धरलं. सगळ्या युनिटनं टाळ्यांसाठी हात उचलले तेवढ्यात अक्का ओरडली, "टाळ्या नकोत, तिच्या कानाला सोसत न्हाय!" म्हणून शंभर-दीडशे माणसं नुसते हात वर करून हवेत हलवत उभी राहिली.

सिनेमा लागला तो रफिकभाईंच्या टॉकीजात. पहिल्या खेळाला अक्का गौरीला नवा फ्रॉक शिवून घेऊन आली. दिवे गेले, जाहिराती सुरू झाल्या, त्या आवाजानं गौरीनं कान दाबून जे ओरडायला सुरुवात केली ती थांबेना. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो बाई, गप करा तिला, नायतर बाहेर न्या." पाचव्या मिनिटाला दोघी बाहेर. अशा मुलांना समजून घ्या म्हणून सांगणारा सिनेमा आत चालला होता आणि ती मुलगी बाहेर पायरीवर बसली होती. मी मान खाली घालून शेजारी उभा होतो. अक्का मात्र रफिकभाईंच्या केबिनमध्ये शिरली.

"भाई, एक खेळ मला द्या. अर्धं दिवं चालू, आवाज कमी, दारं उघडी. पोरं पळतील, नाचतील, वराडतील. चालंल?"

रफिकभाई म्हणाले, "अक्का, असा खेळ कधी झाला नाही."

"म्हणूनच मागालोय की!"

तो खेळ एका रविवारी सकाळी झाला. अक्कानं हुपरी, इचलकरंजी, कागल कुठून कुठून अकरा कुटुंबं गोळा केली होती. पडद्यासमोर उभी राहून तिनं माइकशिवाय नियम सांगितला, एकच: "हितं कुणी कुणाला सॉरी म्हणायचं न्हाय." एक मूल सबंध वेळ पडद्यापुढं गिरक्या घेत होतं. एकानं खुर्च्यांच्या सगळ्या रांगा मोजल्या आणि परत मोजल्या. एक बाप मला म्हणाला, लग्नानंतर नऊ वर्षांनी आज बायकोबरोबर सिनेमा बघतोय. गौरी त्या दिवशी वीस मिनिटं दारात उभी राहिली. पुढच्या महिन्यात ती आत येऊन बसली. तिसऱ्या खेपेला तिनं पूर्ण सिनेमा बघितला, आणि भेळेचा प्रसंग संपताच उठून रफिकभाईंपुढं चित्र धरलं. तेव्हापासून मध्यंतराला भेळ ठरली. महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी दहा. सिनेमे बदलत गेले, अकराची साठ-सत्तर कुटुंबं झाली, पण गेल्या दहा-अकरा वर्षांत करोनात टॉकीज बंद होतं ते महिने सोडले तर तो खेळ चुकलेला नाही. चित्रांचे जुडगे आता कितीतरी मुलांच्या गळ्यात दिसतात. कड्या सगळ्या रावसाहेबांच्या हातच्या.

अक्का गेल्यावर तेराव्या दिवशीच तो दुसरा रविवार आला. खेळ ठेवायचा की नाही, हे कुणी ठरवायचं तेच कळेना. रफिकभाई म्हणाले, एक महिना सोडून देऊ. पण सकाळी रावसाहेबांचा फोन आला. गौरी सहा वाजल्यापासून चपला घालून दारात बसली होती आणि टॉकीजचं चित्र त्यांच्या मांडीवर ठेवत होती. त्यांनी उचलून बाजूला ठेवलं की पुन्हा ठेवत होती. "काय करू मास्तर?" ते म्हणाले. मी म्हणालो, "या घेऊन."

माणसं आली. बातमी सगळ्यांना होती, तरी आली, नेहमीपेक्षा जास्तच. दहा वाजले, आणि पडद्यासमोरची ती जागा रिकामी. मी उभा राहिलो खरा, पण "नमस्कार" म्हणून तसाच खाली येऊन बसलो. रफिकभाईंनी घाईनं खेळ सुरू करायला सांगितलं. त्या गडबडीत मशीनवरच्या माणसाला आवाज कमी करायचं राहून गेलं. पहिल्याच जाहिरातीचा दणका असा आला की मुलांनी एकदम कान झाकले, दोघंतिघं रडायला लागली, आयांची धावपळ उडाली.

गौरीकडं आता एक टॅबलेट असतो. तीन वर्षांपूर्वी अक्कानं घेतला. त्यात चित्रं असतात, चित्राला बोट लावलं की आवाज येतो. मूळचा आवाज कुणा बातम्या देणाऱ्या बाईसारखा शुद्ध होता. अक्काला तो पसंत पडला नाही. "माझी पोरगी हुपरीची हाय, ती हुपरीचंच बोलणार," म्हणत तिनं आठवडाभर कारखान्याच्या कोपऱ्यात बसून एकेक वाक्य स्वतःच्या आवाजात भरलं होतं. हे मला ठाऊक होतं, पण त्या घटकेला लक्षात नव्हतं.

गौरी जागेवरून उठली. एका हातानं कान दाबून दुसऱ्या हातानं तिनं टॅबलेट डोक्यावर धरला, चाचपून बोट टेकवलं, आणि त्या सगळ्या कल्लोळावरून मालनअक्काचा आवाज आला, तोच, माइक न लागणारा:

"आवाज कमी करा की, पावणं!"

रावसाहेबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. गौरीनं पुन्हा बोट ठेवलं. "आवाज कमी करा की, पावणं!" वरच्या मशीनच्या खोलीतल्या माणसानं धडपडत बटण फिरवलं. आवाज उतरला, दिवे अर्धे लागले, कानांवरचे हात एकेक करून खाली आले. आणि मग आधी एक आई हसली, मग तिच्या शेजारची, मग रफिकभाई डोळे पुसत हसायला लागले, आणि साऱ्या रांगांमधून माणसं हात वर करून हवेत हलवू लागली.

गौरी कुणाकडंच बघत नव्हती. ती पडद्याकडं तोंड करून खाली बसली, टॅबलेट मांडीवर घेतला, थोडं शोधलं आणि आणखी एका चित्राला बोट लावलं.

"आत्ता कसं!" अक्का म्हणाली.